वळणावरचा थांबा

दवाखान्यासमोरचा बसथांबा ऐन वळणावर होता. गाडी उभी केली की तिचं शेपूट वळणातच राहायचं, मागची वाहनं पांढरी रेघ ओलांडून पुढे घुसायची आणि बसचालक बाई आरशात बघत हॉर्न दाबत राहायची. गेल्या महिन्यात एक मोटरसायकलवाला ट्रकखाली जाता जाता वाचला, तेव्हा तिने थांबा पुढे हलवावा म्हणून अर्ज केला. आगारप्रमुखांनी शुक्रवारी बोलावलं. दहा मिनिटं मिळणार होती.

घरी सासऱ्यांच्या शिलाई मशीनसमोर उभं राहून तिने सराव म्हणून तोफ डागली, "आम्ही रोज जीव मुठीत धरून गाडी चालवतो आणि तुम्हाला कशाचं काही नाही!"

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे भांडण झालं, सूनबाई. मुद्दा कुठाय? समज, मी तुझा साहेब. दहा वर्षांत तिथे एक अपघात नाही. मग थांबा कशाला हलवू?"



सुट्टीच्या दिवशी ती वही घेऊन वळणावर उभी राहिली. चाळीस बस थांबल्या. त्यातल्या सव्वीस वेळा मागच्याने रेघ ओलांडली.

"आता बोला, बाबा!"

"बोलतो की. थांबा पुढे नेलास तर पेशंटांनी एवढं चालायचं?"

ती चिडली. "तुम्ही माझ्या बाजूचे की त्यांच्या?"

"तुझ्याच. म्हणून तर विचारतोय. ही अडचण लपवू नकोस, तूच आधी सांग."

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्याच्या दारापासून थांब्याच्या नव्या जागेपर्यंतची पावलं मोजली. दीडशे भरली. पण मोजता मोजता तिला दवाखान्याचं मागचं फाटक दिसलं, नव्या जागेच्या अगदी समोर, कुलूपबंद. ती तडक दवाखान्याच्या ऑफिसात गेली आणि दिवसा फाटक उघडं ठेवायचं पत्र घेऊनच बाहेर पडली.

शुक्रवारी आगारप्रमुखांनी तोच प्रश्न टाकला. "अपघात तर झालेला नाही ना?"

"नाही झाला, साहेब. पण तो समोरच्यांनी वेळेवर ब्रेक दाबला म्हणून. थांबा योग्य जागी आहे म्हणून नव्हे." तिने वही पुढे केली. मग पेशंटांची अडचण स्वतःच सांगितली आणि पत्र ठेवलं.

"या थांब्यावरून जाणाऱ्या बाकीच्या मार्गांचा वेळ किती वाढेल?" शेजारच्या अधिकाऱ्याने विचारलं.

हे तिच्या गावीही नव्हतं. "माहीत नाही. मी तेवढं मोजलेलं नाही."

आगारप्रमुखांनी वहीचं पान उलटलं. "मग महिनाभर चालवून मोजू. सोमवारपासून थांबा पुढे."

जिन्यात ती पायरीवर बसली आणि एकटीच हसत सुटली. फोन लावला तर सासरे म्हणाले, "अगं, आधी पाणी पी, मग सांग."

सोमवारी नव्या थांब्यावर गाडी सरळ उभी राहिली. आरशात मागचा सगळा रस्ता लख्ख दिसत होता. एक आजी दांडीला धरून सावकाश उतरत होती. बाईने सीटला पाठ टेकली. "सावकाश उतरा, आजी," ती म्हणाली, "घाई नाही."