एका फाशाचं भुयार

"नकाशा कुठाय?" विकीने विचारलं.

"नाहीये," दर्शना म्हणाली. "कोरा कागद आहे आणि एक फासा."

विकीने मेघनाकडे पाहिलं. मेघनाने पंख्याकडे पाहिलं.

सिद्धेश होता तेव्हा असं नव्हतं. दर रविवारी माजिवड्याच्या या तळमजल्यावरच्या खोलीत चौघं जमायची आणि भुयारात उतरायचा खेळ खेळायची. तिघांनी योद्धा, चोर, मांत्रिक व्हायचं आणि सिद्धेशने सांगायचं, समोर काय दिसतंय, दाराआड कोण दबा धरून बसलंय. रंगीत नकाशे, राक्षसांच्या सात पिढ्या, सगळं त्याच्याकडे तयार असायचं. मग त्याला बेंगळुरूला नोकरी लागली. आता सांगणार कोण, यावर सगळे मूग गिळून बसले आणि त्या शांततेत दर्शना "मी" म्हणून गेली. तिचं तिलाच नवल वाटलं.

नकाशे रंगवायला तिला वेळ कुठला? ती एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. उजाडायच्या आत बाहेर पडते, परतते ती भर उन्हात. आठवडाभर लोक तिच्याशी बोलतात ते 'हळू टोचा हं' एवढंच. रविवारी मात्र ती कुणीतरी असायची. आज जमलं नाही तर हा खेळ मोडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मेघना कल्याणहून यायची. कंटाळा करून घ्यायला कोण एवढा ट्रॅफिक सोसेल?

"नियम दोनच," दर्शना म्हणाली. "खोलीत शिरलात की फासा टाकायचा. जेवढा आकडा, तेवढी दारं. पुढचं दार उघडताना परत टाकायचा. तीनपर्यंत आला तर आत कुणी नाही. वर गेला तर कुणीतरी आहे."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"ते तेव्हा बघू."

"म्हणजे तुलाच माहीत नाय? सही है," विकी म्हणाला.

पहिली खोली रिकामी निघाली. दुसरीही. तिसरीत शिरेपर्यंत विकीने मोबाईल काढला होता. दर्शना कागदावर चौकोनाला चौकोन जोडत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता. रडू येईल की काय, असं तिला वाटायला लागलं.

तेवढ्यात तिचे वडील, काळुराम, डोकावले. इमारत त्यांचीच. जिथे त्यांची वांगी लागायची, तिथे आता भाडेकरू राहतात. पंखा उगाच फिरतोय का, हे बघणं त्यांचं आवडतं काम. शिवाय 'एवढी बिल्डिंग हाय आपली, नि तू लोकांना सुया टोचत फिरतेस' हे वाक्य दिवसातून एकदा म्हणणं.

"काय चाललाय?" असं विचारून ते सिद्धेशच्या खुर्चीत बसलेसुद्धा. "मना पन घ्या रं."

मेघनाने त्यांना खेळ समजावून सांगितला. समोर दार आहे, एवढं त्यांना कळलं.

"दार हाय ना? मंग आधी हाक मारायची," काळुराम म्हणाले आणि मोठ्याने ओरडले, "घरात कोन हाय काय गो?"

विकीने कपाळाला हात लावला. "काका, भुयार आहे हे! गुपचूप शिरायचं असतं. आतला राक्षस उठेल ना!"

"चोरावानी शिरू काय? आवाज दिल्याबिगर कोनाचे घरात मी पाय ठेवत नाय."

फासा पडला. पाच. आत कुणीतरी होतं.

सगळ्यांनी दर्शनाकडे पाहिलं. हाकेला उत्तर काय द्यायचं, याचा नियम तिने केलाच नव्हता. आणि मग तिला वाटलं, अरे, हे तर माझंच काम आहे. बेल वाजवायची, आवाज द्यायचा, आणि दार उघडेपर्यंत आत कोण असेल याचा अंदाज घेत उभं राहायचं. कुणी हसतमुख असतं, कुणी वसकन अंगावर येतं, कुणी दोन दिवस कुणाशी बोललेलंच नसतं.

"कोण ते?" दर्शना म्हणाली. आवाज तिचा नव्हताच, एका थकलेल्या म्हातारीचा होता. "कडी लावलेली नाही. पण आत नका येऊ, मला भीती वाटते."

"कोनाची गो?" काळुरामांनी विचारलं.

"तुमच्या हातात जे आहे त्याची."

विकीने मोबाईल पालथा ठेवला. "मी तलवार बाहेर ठेवतो," तो हळूच म्हणाला.

"मी तिला पाणी देते," मेघना म्हणाली.

मग कुणी कुणाला आवरेना. म्हातारीने खजिन्याची वाट सांगितली, तीही मुद्दाम चुकीची. त्या वाटेवर पाणी लागलं. काळुरामांनी खाडीत होडी घालतात तशी होडी घातली आणि सगळ्यांना बुडवता बुडवता वाचवलं. कागद भरला, दर्शनाने दुसरा जोडला.

मध्येच काळुरामांनी विचारलं, "तू रोज सकालची अशीच जातेस काय गो? आत कोन हाय, ठाव नसता?"

"हो बाबा. रोज."

"भ्या नाय वाटत?"

"वाटतं कधी कधी. हाक मारते आणि जाते."

काळुरामांनी फासा तिच्याकडे सरकवला. सुयांचं वाक्य त्या दिवशी काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. दर्शनाला इतकं बरं वाटलं, की पुढचा चौकोन तिने वाकडाच काढला.

अंधारून आलं तशी मेघनाने पर्स खांद्याला लावली. विकी दारात चप्पल घालून उभा राहिला.

"पुढच्या रविवारी इथूनच ना? या दारापासून?"

"हो."

"पलीकडे काय आहे?"

"मला तरी कुठे माहितीये?"

विकीने डोकं खाजवलं. "एकदाच टाक ना फासा. फक्त बघू."

दर्शनाने टाकला. सहा.

विकीने चप्पल काढली आणि परत आत येऊन बसला.