आग्नेलच्या पेट्या आणि सात लाख ऐंशी हजार

नंदाखाल गावात आग्नेल सुताराला कुणी स्पीकरवाला म्हणून ओळखत नाही. चर्चचे बाक, लेकीच्या लग्नातलं कपाट, एखाद्याच्या नव्या बंगल्याचा जिना आणि वेळ आली की शवपेटी, एवढ्यासाठी लोक त्याच्याकडे येतात. पण बत्तीस वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या, स्टॅनीच्या लग्नात त्याने आहेर म्हणून स्पीकरच्या दोन पेट्या करून दिल्या होत्या. आतले भोंगे मुंबईहून आणलेले, बाकी सगळं त्याच्या हातचं. परसातल्या फणसाचं लाकूड, खाचेत खाच बसवलेली, एकही खिळा नाही. त्या वेळी तीन हजार रुपये खर्च आला होता आणि तो त्याने बायकोलाही सांगितला नव्हता. गावातल्या टवाळांनी मात्र मांडवातच विचारून घेतलं, की यातली नवऱ्याची कुठली आणि नवरीची कुठली. आग्नेलने मनावर घेतलं नाही. शवपेटी करणाऱ्याला असल्या विनोदांची सवय असते.

तेव्हापासून त्या पेट्या स्टॅनीच्या हॉलमध्ये खिडकीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. स्टॅनीची बायको मार्था गावच्या चर्चच्या गायकवृंदाची, कॉयरची प्रमुख. दर शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे तालीम व्हायची. नवं गीत आलं की आधी ते त्या पेट्यांवर वाजायचं, मग बारा-तेरा जणांच्या गळ्यात उतरायचं.

एका गुरुवारी मार्थाचा फोन आला. "दादा, शनिवारी तुमचा टेम्पो घेऊन याल का?" एवढं बोलून ती अडखळली. "तुमच्या त्या पेट्या... म्हणजे यांनी नवीन स्पीकर आणलेत. चार दिवसांसाठी, बघायला. पण ते ठेवणारच म्हणतात. मग जुन्या पेट्यांना जागा नाही."

"येतो," आग्नेल म्हणाला. स्टॅनी स्वतः का नाही बोलला, हे त्याने विचारलं नाही. मोठ्या भावाला असला फोन करायला छाती लागते आणि स्टॅनीची छाती लहानपणापासून बेताचीच.

फोन ठेवून तो रंधा मारायला बसला आणि दोन फळ्या वाकड्या करून उठला. त्याला वाईट वाटलं होतं, चांगलंच वाईट वाटलं होतं. पेट्या परत येणार याचं एवढं नाही. वस्तू जुन्या होतात, माणसंही होतात. त्याला टोचत होतं ते वेगळंच. बत्तीस वर्षं भाऊ त्या पेट्या ऐकत होता, तो आवडीने की भिडेखातर? मोठ्या भावाने केल्यात, काढायच्या कशा, म्हणून तर नाही? बाक मोडला तर कळतं, जिना करकरला तर कळतं. पेटीचं कुणी तोंडावर सांगत नाही.

शनिवारी चारला तो टेम्पो घेऊन पोचला. स्टॅनी दारातच उभा होता, कौल फोडलेल्या पोरासारखा. जूनमध्ये तो नोकरीतून निवृत्त झाला होता. वीस वर्षं त्याने परदेशी स्पीकरांची मासिकं वाचली होती, त्यातली चित्रं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जपली होती. आता फंडाचे पैसे हातात आल्यावर मुंबईच्या एका दुकानदाराने 'घरी नेऊन ऐका, नाही आवडलं तर परत' म्हणून एक जोडी पाठवली होती.

ती जोडी कमरेएवढी, पांढरीशुभ्र, काचेसारखी चकचकीत होती. आग्नेलचा हात आपोआप पुढे गेला. लाकूड दिसलं की बोटाने ठोकून बघायची त्याला खोड.

"हात नको लावू दादा," स्टॅनी म्हणाला. "अजून आपले नाहीत ते."

"केवढ्याला?"

"सात ऐंशी."

"हजार?"

"लाख."

आग्नेल खाली बसला. मार्थाने पाणी आणून दिलं.

तेवढ्यात स्टॅनीची लेक एलिसा आतून आली. ती अंधेरीच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला आहे आणि बापाला गप्प करू शकणारी घरातली एकमेव व्यक्ती आहे. ती म्हणाली, "मोठे पप्पा, पेट्या इतक्यात उचलू नका. हे तीन दिवस झाले नुसते त्या पांढऱ्या रंगाकडे बघत बसलेत. पप्पा, तुम्ही डोळ्यांनी ऐकताय."

"मग कशाने ऐकू?" स्टॅनी चिडला.

"पडद्याआडून. आज कॉयर येतेच आहे. कुठली जोडी वाजते ते कुणालाच दिसणार नाही. ज्याला जे चांगलं वाटेल ते त्याने चिठ्ठीवर लिहायचं."

स्टॅनीला ही कल्पना भलतीच आवडली. तेरा लोक आपल्या बाजूने उभे राहिले की दादापुढे मान खाली घालायला नको, असा त्याचा हिशेब. आग्नेलचा हिशेब वेगळा होता. बत्तीस वर्षं जे कुणी तोंडावर सांगितलं नाही, ते आता चिठ्ठीवर येणार होतं. तरी तो म्हणाला, "होऊन जाऊ दे."

एलिसाने माळ्यावरून निळा कापडी पडदा काढला. नाताळच्या गोठ्यामागे आकाश म्हणून लावतात तो, कागदी तारे चिकटवलेला. त्याच्यामागे दोन्ही जोड्या शेजारीशेजारी उभ्या केल्या. मग ती फोन घेऊन आवाज मोजत बसली. "मोठा आवाज कुणालाही चांगलाच वाटतो," ती म्हणाली. "म्हणून दोन्हींचा अगदी सारखा हवा. लग्नातले साउंडवाले याच जोरावर पोट भरतात."

पाचला कॉयर आली. मर्सी, जिचा आवाज सगळ्यांत वर जातो. जेम्स, ज्याचा सगळ्यांत खाली. आणि बाकीचे अकरा. सगळ्यांना चहा आणि सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळाली, एकेक चिठ्ठी आणि पेन्सिल मिळाली. एलिसाने नियम सांगितला: एका जोडीला एक नंबर, दुसरीला दोन, कुठलाही नंबर कधीही येईल, वाजत असताना अवाक्षर बोलायचं नाही. तेरा जणांनी चर्चच्या पाळकीय परिषदेत बसल्यासारख्या माना डोलावल्या.

"एक नंबर," एलिसा म्हणाली आणि त्यांच्या नेहमीच्या गीतांपैकी एक लावलं.

पहिली ओळ शांततेत गेली. दुसऱ्या ओळीला मर्सी हळूच गुणगुणली. तिसरीला मार्थाने खालचा सूर धरला, आणि ध्रुवपद आलं तेव्हा जेम्ससकट सगळी कॉयर हातात पेन्सिल घेऊन गात होती. एलिसाने गाणं थांबवलं.

"बोलायचं नाही म्हणाले होते ना मी?"

"मी कुठे बोलले?" मर्सी म्हणाली. "मी गायले."

"गायचंही नाही, आंटी. ऐकायचं."

"दोन नंबर." तेच गीत. या वेळी सगळे गप्प. हात मांडीवर, पाठ ताठ, बिशप समोर बसल्यासारखे. गीत संपल्यावर कुणीतरी घसा खाकरला, तोही बेतानेच.

"एक नंबर." आता व्हायोलिन होतं, शब्द नव्हते, एलिसाला वाटलं, सुटले. पण चार सुरांत मर्सीने 'ला ला' सुरू केलं आणि मागून बाकीचे. "दोन नंबर," व्हायोलिन पुन्हा, पुन्हा चिडीचूप. शेवटी ब्रास बँडवरची लग्नाची धून लावली, आणि ती नेमकी एक नंबरवर. जेम्सचा पाय हलला, मग गुडघा, मग सत्तरीतला हा माणूस चिठ्ठी खिशात घालून उठला आणि मर्सीला घेऊन हॉलभर नाचला. सुकेळ्यांची बशी थोडक्यात वाचली. एलिसाने कपाळाला हात लावला आणि मग तीही हसायला लागली, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

चिठ्ठ्या उघडल्या. सहा एकच्या, सहा दोनच्या, आणि जेम्सने 'दोन्ही छान' लिहून खाली सही केली होती. स्टॅनी वैतागला. "अरे, तुम्ही ऐकलं तरी का?"

"ऐकणार कसं?" मर्सी म्हणाली. "आम्ही गात होतो."

खरोखर ऐकलं होतं एकट्यानेच. आग्नेल सगळा वेळ दाराशी डोळे मिटून बसला होता. एलिसाने त्याच्याकडे वळून विचारलं, "मोठे पप्पा, तुमची चिठ्ठी?"

आग्नेलने चिठ्ठी लिहिलीच नव्हती. त्याची पेटी कुठली हे त्याला पहिल्या ओळीतच कळलं होतं. स्वतःच्या लेकराचं रडणं गर्दीतही कळतं. आता एवढंच करायचं होतं, की 'एक नंबर' म्हणून मोकळं व्हायचं. सात विरुद्ध सहा. स्टॅनीला मुकाट्याने पेट्या ठेवाव्या लागल्या असत्या. हा विचार आग्नेलच्या मनात आला नाही असं नाही. चांगला दोन मिनिटं होता. मग तो उठला.

"दोन नंबर चांगला," तो म्हणाला. "एक नंबरमध्ये जेम्सच्या पट्टीतला सूर आला की डाव्या पेटीची पाठ घुमते. दोन नंबरमध्ये व्हायोलिन वाजवणारा श्वास घेतो तोही ऐकू येतो. मी आयुष्यात असं कधी ऐकलं नव्हतं. एक नंबर माझी आहे."

एलिसाने पडदा बाजूला केला. एक नंबर फणसाची, दोन नंबर पांढरी. स्टॅनी जिंकला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"दादा, मग घेऊ मी हे?"

"घे की. वीस वर्षं चित्रं बघतोयस."

"पण अडीचशे पट पैसे आहेत. अडीचशे पट चांगलं आहे?"

आग्नेलने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवली. "चांगलं आहे ते एवढं. बाकीचं पॉलिश, जहाजाचं भाडं आणि दुकानदाराचा एसी. पण एवढं आहे, हे खरं. ज्याला ते ऐकू येतं आणि खिशात आहे, त्याने घ्यावं. पाप नाही."

मग त्याने आणि जेम्सने पेट्या उचलून टेम्पोत चढवल्या. आग्नेलचं मन दुखत होतं, पण खोटं बोलल्याचं ओझं नव्हतं. तो दोर आवळत होता तेव्हा मर्सी फाटकापाशी आली, तिच्यामागे हळूहळू बाकीचे.

"पेट्या जाणार कुठे?" तिने विचारलं.

"माझ्या कारखान्यात. एका कोपऱ्यात राहतील."

"आणि आमची तालीम?"

"तालीम इथेच. नव्या स्पीकरांवर."

मर्सीने मार्थाकडे पाहिलं. मार्था जरा ओशाळून म्हणाली, "दादा, त्या पांढऱ्यांपुढे आवाजच फुटत नाही हो. चुकलं तर ते ऐकतील असं वाटतं."

एलिसा दारातच थबकली. कुठला नंबर कधी लावला ते टिपलेल्या वहीत तिने डोकावून पाहिलं आणि मोठ्याने वाचलं: एक नंबर तीनदा लावला, तिन्ही वेळा मंडळी गायली नाहीतर नाचली. दोन नंबर दोनदा लावला, दोन्ही वेळा कुणी तोंड उघडलं नाही. आणि कुठला नंबर कुठल्या जोडीचा हे एकालाही माहीत नव्हतं.

"तुमच्याकडे बसायला आहे ना?" मर्सीने आग्नेलला विचारलं.

"चर्चचे चार बाक आलेत पॉलिशला. ओले नाहीत."

"मग चला. आजची तालीम अजून व्हायचीच आहे."

टेम्पो पुढे आणि कॉयर मागे, अशी वरात केळीच्या बागांमधून आग्नेलच्या कारखान्याकडे निघाली. वाटेत कुणीतरी विचारलं, कुणाचं लग्न, तर जेम्सने सांगितलं, पेट्यांचं. भुसा झाडून बाक मांडले, कामाच्या टेबलावर पेट्या ठेवल्या, तारा जोडल्या. बायको ग्रेसी जाऊन चार वर्षं झाली होती; तेव्हापासून आग्नेलच्या घरात आणि कारखान्यात करवतीखेरीज आवाज असा उरला नव्हता. आता पहिल्याच गीताला छपराच्या पत्र्यांना कंप सुटला. शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. आग्नेल इतका खूश झाला की कुठे उभं राहावं ते त्याला कळेना, शेवटी तो स्वतःच्याच टेबलाला टेकून पाहुण्यासारखा उभा राहिला.

अर्ध्या तासाने स्टॅनी दारात आला. चपला काढू की नको, अशा विचारात तो जरा वेळ उभा राहिला. कारखान्यात कुणी चपला काढत नाही.

"काय रे, स्पीकर बिघडले?"

"नाही. फार सुंदर वाजतायत," स्टॅनी म्हणाला. "पण घरी कुणी नाही."

आग्नेलने सरकून त्याला बाकावर जागा केली आणि स्वतःही टेकला. गाणं चालू होतं, त्याच्या आडोशाने त्याने विचारून घेतलं. "स्टॅनी, खरं सांग. बत्तीस वर्षं तू माझ्या पेट्या भिडेखातर ऐकल्यास ना?"

स्टॅनीने विचार केला. तो भित्रा असला तरी खोटारडा नव्हता.

"पहिलं वर्षभर, हो," तो म्हणाला. "डोक्यात दुकानातले मोठे स्पीकर असायचे. मग मार्था त्यांच्याबरोबर गायला लागली, मग एलिसा झाली, मग ही सगळी मंडळी यायला लागली. नंतर पेट्या आहेत हेच मी विसरून गेलो, दादा. घरात गाणं आहे, एवढंच माहीत होतं. आज ते घरातून निघून इथे आलं तेव्हा कळलं."

आग्नेलला सुतारकीच्या उभ्या आयुष्यात कुणी इतकं चांगलं काही बोललं नव्हतं. त्याने भावाच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली, बाक हलला, मर्सीने गाता गाताच दोघांकडे डोळे वटारून पाहिलं. दोघांनी घाईघाईने एकच गीतपुस्तक उघडलं. आग्नेलला हसू आवरेना, त्यामुळे सूर धरायला त्याला दोन ओळी लागल्या.