अकरा कार्डं

नगरपालिकेच्या सभेला एलिसेओ पहिल्यांदाच आला होता. अंगात कोट होता तो बायकोच्या अंत्यविधीला घातलेलाच.

रुळांलगतचा मोकळा प्लॉट ट्रक उभे करायला द्यायचा, असं घाटत होतं. त्याच्या बायकोनं, रेमेदिओसनं, नऊ वर्षं तिथं मिरच्या, टोमॅटो, नोपालचं निवडुंग लावलं होतं. निम्मी गल्ली तिथलंच खायची. हरकतीची कार्डं घरोघर आली, तेव्हा तिनं दारोदार फिरून अकरा घरांची कार्डं भरून घेतली आणि टपालात टाकायला त्याच्याकडे दिली.

त्यानं ती टाकली नाहीत. प्रत्येक कार्डावर नाव होतं, पत्ता होता. घरात राहणाऱ्या भाच्याकडे या देशात राहण्याची कागदपत्रं नव्हती, आणखी दोन घरांतही तीच गत. सरकारला आपण होऊन पत्ता कशाला द्यायचा? कार्डं गाडीतल्या अवजारांच्या पेटीत गेली.

"टाकलीस ना?"

"टाकली गं."

हॉस्पिटलात नाकात नळी असतानाही ती विचारायची, "उत्तर आलं का रे?"

"येईल. सरकार आहे ते, तुझ्या आईसारखं सावकाश उठतं."

ती हसायची. एप्रिलमध्ये गेली.

"मुदतीत एकही हरकत आलेली नाही," अधिकारीणबाईंनी वाचलं. दुभाष्यानं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं.

शेजारची दोन्या ऑर्तेन्सिया ताडकन उठली. "एकही नाही? अहो, माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहून घेतलंय रेमेदिओसनं! वर माझे तीन तामाले खाल्लेत! एलिसेओ, गप्प काय बसलात? सांगा की यांना!"

एलिसेओ माइकपाशी गेला. खिशातून कार्डं काढली.

"माझ्याकडेच आहेत. मी टाकली नाहीत."



"मुदत संपली आहे, ती घेता येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "बोलायला मात्र दोन मिनिटं आहेत. दुभाष्याचा वेळ त्यातच धरला जाईल."

भाषण त्याला येत नव्हतं. पत्ते गाळून तो नुसती नावं आणि कारणं वाचू लागला. दुभाषी प्रत्येक नाव पुन्हा म्हणायचा, तेच नाव, तसंच. सातव्या कार्डाला घंटा वाजली.

"अजून चार आहेत."

"धन्यवाद. पुढचे."

पाच सदस्यांपैकी चौघांचे हात ठरावाच्या बाजूनं वर गेले. एलिसेओ जागेवर परतला, तेव्हा दोन्या ऑर्तेन्सियानं आपली पर्स उचलली आणि ती दोन खुर्च्या सोडून बसली.

सगळ्यात खाली रेमेदिओसचं कार्ड होतं. इतके दिवस जवळ असून त्यानं ते वाचलं नव्हतं. हरकतीचं कारण म्हणून तिनं लिहिलं होतं: कामावरून आल्यावर माझा नवरा इथं बसतो. मी नसले की त्यानं बसायचं कुठं?