पुरावा सरांचे कान

शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. खुर्च्या संपल्या तेव्हा बाकं आणली, बाकं संपली तेव्हा पालक भिंतींना टेकून उभे राहिले, आणि मागच्या दारात तर एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याची मान आणि तिच्यावरून तिसऱ्याची मान अशी चळत लागली होती. सगळे मंचाकडे बघत होते. मंचावर नववीतली एक मुलगी खुर्चीत बसली होती. तिच्या डोळ्यांवर कापसाचे जाड बोळे होते, बोळ्यांवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर दुहेरी काळं फडकं. मुलगी मुळात इतकी चपळ की तिला सगळे भिंगरी म्हणत. आज मात्र ती बाहुलीसारखी स्तब्ध होती.

तिच्या पाठीमागे विज्ञानाचे सर उभे होते. त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढला, त्यावर आकडा लिहिला आणि तो लोकांना दिसेल असा उंच धरला.

"सात," भिंगरी म्हणाली.

सभागृहातून एक लांब हुंकार उठला. सरांनी दुसरा कागद काढला.

"चार."

तिसऱ्या कागदावर सरांनी मुद्दाम काहीच लिहिलं नाही. भिंगरी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हा कोरा आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आजीनं डोळे पुसले. आणि या चमत्काराचे मालक, म्हणजे कोट घातलेले मार्गदर्शक, ध्वनिक्षेपक हातात घेऊन पुढे आले. त्यांच्या वर्गाचं नाव होतं 'अंतर्नेत्र'. आठवडाभर त्यांनी शाळेतल्या काही मुलांना फुकट धडे दिले होते आणि आता पुढच्या, फुकट नसलेल्या, वर्गासाठी पालक गोळा केले होते.

"पालकहो, मेंदूच्या मधोमध एक झोपलेली खिडकी असते," ते म्हणाले. "आम्ही फक्त तिची कडी काढतो. मग विश्वातली ऊर्जा लहरींच्या रूपानं आपोआप आत येते. अभ्यास वाढतो, आत्मविश्वास वाढतो, चष्म्याचा नंबर उतरतो." ऊर्जा नेमकी कुठून येते हे दाखवताना त्यांचं बोट छताकडे जायचं. छतावर पंखा होता आणि तो बंद होता.

मग त्यांनी ध्वनिक्षेपक सरांच्या हातात दिला, कारण परीक्षक सरच होते.

हे सर म्हणजे सबंध शाळेचा तर्क. कुणी काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न, "पुरावा आहे का?" स्वयंपाकघरात बायको म्हणाली की दूध नासलंय, तरी ते विचारत. म्हणून मुलांनी त्यांचं नावच पुरावा सर ठेवलं होतं, आणि सरांना ते मनातून आवडायचं. शिक्षकांच्या खोलीत मार्गदर्शकांची सगळ्यात जास्त टिंगल त्यांनीच केली होती. तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "मग तुम्हीच तपासा ना." सरांनी आदल्या दिवशी नववीच्या वर्गात छाती फुगवून सांगितलं होतं, "उद्या बघा कशी फजिती करतो त्याची. मला आजवर कुणी फसवलेलं नाही. तुम्ही पोरं तर सोडूनच द्या. माझ्या तासाला बाकाखाली कुणाचा फोन वाजला तरी मला ऐकू येतो."

त्यांनी तपासणीत कसर ठेवली नव्हती. पट्टी स्वतः बांधली, मार्गदर्शकांना मंचाच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसवलं, त्यांच्या मदतनिसाला बाहेर काढलं, भिंगरीच्या कानात तार नाही हे पाहिलं. आणि तरी सात म्हणजे सात, कोरा म्हणजे कोरा.

सरांनी ध्वनिक्षेपक तोंडाजवळ धरला. मग प्रामाणिक माणसाच्या जड आवाजात म्हणाले, "मी शक्य तेवढी तपासणी केली. यात मला कुठलीही लबाडी आढळली नाही."

एवढं बोलून ते खाली उतरले. मागे वर्गाच्या नोंदणीला झुंबड उडाली.

पुढचे दिवस सरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. आयुष्यभर ज्या इमारतीत राहिलो तिचा पायाच कुणी काढून नेला, असं त्यांना वाटत होतं. पण माणूस जिज्ञासू. एका सकाळी बायको बाहेर आली तर हे खुर्चीत डोळे मिटून, हातात वर्तमानपत्र उलटं धरून बसलेले.

"काय चाललंय?"

"काही नाही. मथळा वाचतोय."

"मग काय लिहिलंय?"

सरांनी बराच वेळ कपाळाला आठ्या घातल्या. "पाण्याच्या दराबद्दल काहीतरी आहे."

"ती बुटांची जाहिरात आहे," बायको म्हणाली. "आणि मी मघापासून तीन हाका मारल्या. अंतर्नेत्र उघडेल तेव्हा उघडेल, आधी त्या कानांचं बघा."

"कान ठणठणीत आहेत माझे," सर म्हणाले. या विधानाला मात्र त्यांनी पुरावा मागितला नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण एक दिवस मधल्या सुट्टीत ऑफिसातल्या बाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शाळेचे दाखले, हजेरीपट, सगळं त्यांच्याकडे. त्यांची धाकटी मुलगी बालवाडीत होती आणि तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

"सर, आभार मानायला आले," बाई म्हणाल्या. "मी रुग्णालयात फोन करून तारीख रद्द केली. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची, डोळ्याला सुरी लावायची, माझं तर मनच धजत नव्हतं. आता अंतर्नेत्रातच घालते तिला. ते म्हणाले, लहान मुलांची खिडकी लवकर उघडते."

सरांच्या हातातली परीक्षानळी हातातच राहिली. "बाई, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"उशीर केला तर तो डोळा बघायचंच विसरेल, असं म्हणाले होते. पण त्यांचा तो धंदाच. मी त्या कोटवाल्यावरही विश्वास ठेवला नसता, सर. त्याच्यासारखे छप्पन्न पाहिलेत. पण तुम्ही मंचावरून म्हणालात ना, लबाडी नाही म्हणून. तुम्ही तर दुधाचाही पुरावा मागता."

त्या गेल्या. सर स्टुलावर बसले. लबाडी आढळली नाही आणि लबाडी नव्हती, या दोन वाक्यांत केवढी दरी आहे हे ते मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्याच दरीत एक माउली आपल्या लेकीला कडेवर घेऊन उतरत होती, आणि दरीच्या तोंडाशी 'रस्ता सुरक्षित आहे' अशी पाटी धरून स्वतः सर उभे होते.

घंटा झाली. पुढचा तास नववीवरच होता आणि धडा होता ध्वनीचा. सरांचं मन थाऱ्यावर नव्हतं, पण धडा तोंडपाठ होता. "माणसाच्या कानाला वीस ते वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो," त्यांनी नेहमीसारखं सांगितलं आणि कपाटातून आवाज काढणारं यंत्र टेबलावर ठेवलं. चकती फिरवली की त्याचा सूर बारीक बारीक होत जाई. "सगळ्यांनी हात वर करा. आवाज ऐकू यायचा थांबला की हात खाली."

चकती फिरू लागली. घोगरा सूर शिट्टीसारखा झाला, शिट्टी सुईसारखी झाली आणि नाहीशी झाली. सरांनी चकतीकडे पाहिलं. काटा जेमतेम अकरा हजारांवर होता. वर्गाकडे पाहिलं तर सगळे हात वर.

"झाली का चेष्टा सुरू?" सर कडाडले. "यंत्र बंद पडलंय आणि तुम्ही हात वर करून बसलात. काय ऐकताय, विश्वातल्या लहरी?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी कानावर हात ठेवून म्हणाली, "सर, खरंच वाजतंय. दुखतंय कानाला."

सर ओरडण्यासाठी तोंड उघडून तसेच थांबले. वैतागाच्या खाली कुठेतरी त्यांच्यातला शिक्षक अजून शिल्लक होता. त्यांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "आवाज येईल तोवर हात वर. एकमेकांकडे बघायचं नाही." काटा सतरा हजारांवर नेला. त्यांच्या दृष्टीनं खोलीत निःशब्द शांतता होती. त्यांनी हळूच बटण बंद केलं.

वर्गातले सगळे हात एकदम खाली आले.

त्यांनी बटण चालू केलं. सगळे हात वर. बंद, खाली. चालू, वर. कितीतरी वेळ सर बटण दाबत राहिले, एखाद्या लहान मुलाला दिव्याचा शोध लागावा तसे. त्यांच्या खोलीत, त्यांच्या नाकासमोर, त्यांच्याच यंत्रातून किंचाळी फुटत होती आणि तिचा त्यांना पत्ता नव्हता. वय वाढतं तसा माणसाचा कान वरचे सूर सोडून देतो, हे त्यांनी वाचलं होतं. पण पुस्तकातला माणूस म्हणजे आपण, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग त्यांना मंच आठवला. कान तपासले, तार शोधली, मदतनीस हाकलला. फक्त समोर पहिल्या रांगेत बसलेल्या नववीच्या पोरांकडे पाहिलं नव्हतं.

"भिंगरी," भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या वर्गाला उद्देशून ते शांतपणे म्हणाले, "सात कसं कळलं?"

 मग भिंगरी वळली, आणि तिच्याबरोबर एक लुकडा मुलगाही वळला. दप्तरात कायम चार्जिंगच्या तारांचा गुंता घेऊन फिरतो म्हणून त्याला वायरमन म्हणत.

"मी पहिल्या रांगेत होतो, सर," वायरमन म्हणाला. "फोन खिशात. सात वेळा वाजवला. कोऱ्या कागदाला एक लांब. असला आवाज मोठ्यांना येत नाही. आमच्या फोनला मेसेज आला की हाच वाजतो."

"माझ्या तासालाही?"

वायरमननं जमिनीकडे पाहिलं. "तुमच्या तासाला जास्त, सर. चाचणीची उत्तरंही तशीच द्यायचो."

सर खुर्चीत बसले. "त्या मार्गदर्शकानं शिकवलं हे?"

"त्यांना काहीच माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "त्यांची युक्ती वेगळी. साधी पट्टी बांधली की नाकापाशी फट राहते, तिथून खाली बघायचं. आणि घरी सांगायचं नाही, सांगितलं तर शक्ती जाते. तुम्ही कापूस लावलात तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. मी सात म्हटलं तेव्हा तेच सगळ्यात जास्त दचकले, यानं पाहिलं. आता त्यांना वाटतंय की त्यांना खरंच काहीतरी येतं."

"मग तुम्ही त्याला वाचवलंत कशाला?"

 भिंगरीच म्हणाली, "त्यांना नाही वाचवायचं होतं, सर. तुम्ही म्हणाला होतात ना, तुम्हाला कुणी फसवू शकत नाही."

सरांना राग आला, पण तो दाखवायची त्यांना लाज वाटली. त्यांनी ऑफिसातल्या बाईंच्या मुलीची हकिकत सांगितली. भिंगरीचे डोळे भरून आले. "हे आम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"मलाही नव्हतं," सर म्हणाले. "पण निवाडा मी दिला होता."

शनिवारी मार्गदर्शकांचा पहिला वर्ग सुरू होणार होता. सभागृह पुन्हा भरलं. सरांनी मोठ्या बाईंची परवानगी घेतली आणि एकदा परत प्रयोग करू या म्हणाले. मार्गदर्शक आनंदानं तयार झाले, कारण बिचाऱ्यांचा आता स्वतःवर विश्वास बसला होता. भिंगरी खुर्चीत बसली, पट्टी बांधली गेली. फरक एवढाच की वायरमन मंचावर सरांच्या शेजारी, दोन्ही पंजे टेबलावर ठेवून उभा होता.

सरांनी आकडा उंच धरला.

"मला काही दिसत नाही," भिंगरी म्हणाली.

"एकाग्र हो, बाळ," मार्गदर्शक म्हणाले. "खिडकी उघड."

"खिडकी नाहीच आहे, सर. कापूस आहे."

लोक हसले. मार्गदर्शक म्हणाले, सभागृहात नकारात्मक लहरी आहेत. मग म्हणाले, दमट हवेत ऊर्जा जड होते. मग म्हणाले, संशयी माणसाच्या सावलीत अंतर्नेत्र मिटतं. "मागच्या वेळी मी याहून जास्त संशयी होतो," सर म्हणाले, "तेव्हा कसं उघडलं?" त्यावर मार्गदर्शकांना घड्याळ दिसलं आणि दुसरीकडे जायचं असल्याचं आठवलं. मदतनीस त्यांच्या आधीच निघून गेला होता.

मग सरांनी यंत्र टेबलावर ठेवलं. "ज्यांना आवाज येतो त्यांनी हात वर करा." सगळ्या पोरांचे हात वर गेले. आईबाप आपल्याच मुलांकडे चक्रावून बघू लागले. वायरमननं सगळी हकिकत सांगितली, भिंगरीनं नाकाजवळची फट दाखवली, आणि शेवटी सर म्हणाले, "हा आवाज माझ्या नाकासमोर वाजत होता आणि मी म्हणालो, मला काही आढळलं नाही. ते खरं होतं. पण तुम्ही ऐकलंत की लबाडी नाही, आणि तुम्ही तसंच ऐकाल हे कळण्याइतकी अक्कल मला असायला हवी होती. फसला तो मार्गदर्शक नाही, मुलंही नाहीत. फसलो मी, कारण मला खात्री होती की मी फसत नाही."

नववीची विज्ञानाची चाचणी परत घेतली गेली. वायरमनला तीत इतके कमी गुण पडले की सरांना क्षणभर अंतर्नेत्राची उणीव भासली.

ऑफिसातल्या बाई मात्र त्या सभेनंतर खुश नव्हत्या. त्या सरळ प्रयोगशाळेत आल्या. "परवा तुम्ही म्हणालात खरं, आज म्हणता खोटं," त्या म्हणाल्या. "उद्या आणखी तिसरंच म्हणाल. आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

सरांनी बाईंसाठी स्टूल पुढे ओढलं. मग ते म्हणाले, "माझ्या तोंडाकडे तर बघूच नका. मी उद्याही चुकू शकतो. तुम्ही डॉक्टरांकडे जा आणि भीती वाटते ते सगळं विचारा. भूल कशी देता, असे किती डोळे बरे केलेत, किती बिघडले, नाही केलं तर काय होईल. वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरांनाही तेच विचारा. प्रश्न विचारल्यावर जो नीट सांगतो, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो, त्याच्यापाशी थांबा. आणि विचारलंत तर शक्ती जाते असं जो म्हणेल, तिथून पोरीला उचला आणि चालू लागा. मग तो कोटात असो, भगव्यात असो, नाहीतर माझ्यासारखा खडूनं माखलेला असो."

बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी तासभर बसून सांगितलं, दोन गोष्टींबद्दल खात्री देता येत नाही हेही सांगितलं. त्यानंच बाईंना धीर आला. नवी तारीख मिळाली. उशीर थोडाच झाला होता, आणि थोडक्यात निभावलं.

काही आठवड्यांनी त्या मुलीला घेऊन शाळेत आल्या. चांगल्या डोळ्यावर पट्टी होती, म्हणजे नव्या डोळ्याला कामाची सवय लागावी. सर गुडघ्यांवर बसले आणि तिच्यासमोर तोंड नेऊन म्हणाले, "काय दिसतंय, सांग बरं."

मुलीनं त्यांना बारकाईनं न्याहाळलं. मग आईच्या पदराआडून म्हणाली, "आई, यांच्या कानात केस आहेत."

बाई ओशाळल्या, पण सर तिथेच जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले.