वरच्या तिघांची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि मला शाप आहे. दचकू नका. शाप फक्त रविवारी दुपारी तीन ते सात या वेळात चालतो, तोही चहाची सुट्टी सोडून. बाकीच्या वेळी मी निरुपद्रवी आहे. कोळिष्टकं काढायला चालते, खिडकी अडकवायला चालते.

माझ्या जन्माला तीन कारागिरांचे हात लागले. अंगानं मी लांब झाडूचा दांडा. झाडू झिजून गेला, मी उरले. एका वायरमननं मला खालपासून वरपर्यंत तांब्याची तार गुंडाळली. त्याच्या भावोजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी गजराच्या घड्याळाची काच माझ्या डोक्यावर डोळा म्हणून बसवली. आणि या दोघांचे मित्र मास्तर कवळ्या बनवत. त्यांनी त्या डोळ्याभोवती गुलाबी हिरड्यांसकट अठ्ठावीस दात लावले. माप देऊन न फिरकलेल्या एका गिऱ्हाइकाचे होते म्हणे. डोळ्यामागे चिमुकला दिवा, पोटात एक सेल, आणि दिव्याचं बटण लांब वायरीच्या टोकाला, मास्तरांच्या हाताशी. मला पाहून शेजारचं मांजर जे गेलं ते आठवडाभर दिसलं नाही. ही मला मिळालेली पहिली शाबासकी.

खेळ असा होता. दुकानामागच्या खोलीत टेबलाभोवती चौघं बसत. मास्तर गोष्ट सांगत, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होत, आणि काय साधलं, काय फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवी. वायरमन जादूगार होता. भावोजी चिलखत घातलेले म्हातारे सरदार होते, आणि अकरा वर्षं तेच एक सरदार होते. ताई, म्हणजे ती थोरली बहीण, पोस्टात कारकून होती आणि खेळात चोर. चोरी तिला इतकी सफाईनं जमे, की पोस्टानं जरा विचार करावा.

मी होते ताऱ्यांपलीकडच्या तीन देवांची. जगाच्या आधीपासूनचे देव. त्यांना तोंड नाही, दया नाही, आणि माणसं आहेत की संपली याची चौकशीही नाही. मास्तरांनी त्यांची नावं एवढी अवघड ठेवली होती की पहिल्यांदा म्हणताना त्यांची स्वतःचीच कवळी निसटली. तेव्हापासून ताई त्यांना नुसतं ‘वरचे तिघं’ म्हणे.

माझ्या कमरेला एक चिठ्ठी डकवलेली आहे. मास्तरांच्या बारीक अक्षरात चार वाक्यं: ‘ही काठी मागाल ते करील. मोबदल्यात धरणाऱ्याने आपल्याला सर्वांत प्रिय असेल ते द्यावे. दुसरे काही दिल्यास देव घेणार नाहीत. दिल्यानंतर धरणाऱ्याला कशाचेच काही वाटणार नाही.’

चिठ्ठी कुणीच धड वाचली नव्हती. नियम वाचणं हे मास्तरांचं काम, असं धरून सगळे निवांत होते. दोन वर्षं मला कुणी वापरलंही नाही, नुसतं मिरवलं. मग एका रविवारी डोंगराच्या पोटातलं दगडी दार मिटायला लागलं आणि ताई, म्हणजे चोर, पलीकडे अडकली. फासा तीनदा पडला, तीनदा वाईट पडला. वायरमननं मला उचललं.

“काय देतोस?” मास्तरांनी विचारलं.

“माझा घोडा.”

दिवा लागला नाही.

“माझा मनोरा. सगळ्या पोथ्या धरून.”

नाही लागला.

“अरे, चिरडतेय मी इकडे!” ताई ओरडली. “दे ना काहीतरी लवकर!”

वायरमननं मान खाली घातली. “सरदार,” तो म्हणाला.

मास्तरांचा अंगठा बटणावर गेला. मग दिवा लागला. दार उघडलं, चोर सुटला, आणि सरदार होते तिथे नुसतं चिलखत उरलं.

“म्हणजे?” भावोजी म्हणाले. “मला दिलंस?”

“खेळ आहे, भावोजी.”

“अकरा वर्षं तुझ्यापुढे ढाल धरून उभा आहे मी. आणि तू मला घोड्याच्या पंगतीला बसवलंस?” त्यांनी सरदाराचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. “चालू द्या तुमचं. मला दुकानात काम पडलंय.”

दुकान चार पावलांवर, मध्ये एक पडदा. पण गेलेला माणूस त्या चार पावलांवरून परत आला नाही. खोली त्यांची, टेबल त्यांचं. त्यामुळे खेळही बंद पडला. वायरमन मला घेऊन घरी गेला.

तिथून पुढे मी चौदा महिने शिडीमागे उभी होते. माझ्या दातांवर ओले मोजे वाळले. त्याचं मला दुःख नाही, मी लाकूड आहे. पण वायरमन लाकूड नव्हता, आणि तो माझ्यासारखा राहायला लागला. उभ्याउभ्या जेवायचा आणि काय जेवला ते त्याला सांगता यायचं नाही. पंखा बंद असला तरी त्याच्याकडे बघत पडून राहायचा. एकदा बोर्ड उघडताना त्याला सणसणीत शॉक बसला. कुठलाही वायरमन अशा वेळी बोर्डाच्या सात पिढ्या उद्धारतो. हा हात झटकून म्हणाला, “बसला वाटतं.”

तिकडे भावोजी दिवसाला सहाऐवजी सोळा घड्याळं दुरुस्त करू लागले. ताईचे मात्र हाल झाले. नवऱ्याला विचारावं तर, “मी कुठे रागावलोय?” भावाला विचारावं तर, “मला कुठे काय झालंय?” दोघेही इतके ठणठणीत की तिलाच वाटे, डॉक्टरला आपणच दाखवून यावं.

मग एका सकाळी ती भावाकडे आली आणि टेबलावर तिला नोकरीचा कागद दिसला. लांबच्या वीजकेंद्रात, महिनाअखेरीला हजर व्हायचं.

“जाणार आहेस?”

“हो.”

“यांना सांगितलंस?”

“काय सांगायचं? त्यांना काय, मला काय. काही वाटत नाही गं.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तो मोज्यांची जोडी जुळवत होता. एक निळा, एक काळा, आणि तेवढ्यावर त्याचं समाधान झालं होतं. ती उठली, माझ्यावरचा उरलेला मोजा काढला आणि मला घेऊन निघाली. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, “हे काय हो?” ताई म्हणाली, “देवाचं आहे.” बाईनं माझ्या दातांना नमस्कार केला आणि जागा बदलली.

दुकानात भावोजी डोळ्याला भिंग लावून बसले होते.

“ही कुठून आणलीस?”

“चोरली. माझा धंदाच आहे तो.”

“मला नकोय ती.”

“देतंय कोण? फक्त वाचा. भिंग लावलेलंच आहे.”

त्यांनी चिठ्ठी वाचली. चार वाक्यं वाचायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट लागला.

“घोडा देवांनी घेतला नाही,” ताई म्हणाली. “मनोरा घेतला नाही. तुम्हाला वाटलं, तुमचा नंबर घोड्यानंतर लागला. अहो, तो तुम्हाला वाचवायला घोडा पुढे करत होता. आणि मी सख्खी बहीण! मला वाचवायचं होतं म्हणून माझं नाव निघालं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालते.”

“दिवा मास्तरनं लावला,” भावोजी म्हणाले.

“हो. मास्तरांना हिरड्यांपलीकडचं काही कळत नाही. त्यांनाही कळलं.”

भावोजींनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग मला आडवी करून माझं पोट उघडलं. आत सेल फुटून पांढरी पूड पसरली होती. घड्याळाच्या बारीक कुंचल्यानं त्यांनी ती कोपऱ्याकोपऱ्यातून काढली, नवा सेल घातला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

“आतली वायर खाल्लीये,” ते म्हणाले. “हे माझं काम नाही.”

“मग?”

“ज्याचं आहे त्याला बोलव.” थोड्या वेळानं, माझ्याकडेच बघत, “म्हणावं, आजच ये. महिनाअखेर लांब नाही.”

तो आला. पिशवीत टेस्टर, सोल्डर आणि ते वितळवायची सळई, पायांत एक निळा आणि एक काळा मोजा. नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. दोघं माझ्या दोन बाजूंना बसले आणि तासभर फक्त माझ्याबद्दल बोलले.

“इथे धर.”

“धरलं. तुम्ही जरा डावीकडे घ्या.”

“हात का मागे घेतलास?”

“गरम आहे.”

“गरम झालेलं कळतं का आता?”

“आत्ता कळलं,” वायरमन म्हणाला, आणि बोट तोंडात घातलं.

बटण दाबलं तेव्हा भर दुपार होती आणि दुकानाच्या काचेतून एवढं ऊन येत होतं की दिवा लागला की नाही, समजेना. भावोजींनी माझ्या डोळ्याभोवती दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. वायरमननं कपाळ त्यांच्या बोटांना टेकवून आत पाहिलं.

“लागलाय?”

“लागलाय.”

“नीट बघ.”

तो नीट बघत राहिला. जरुरीपेक्षा बराच वेळ. भावोजींनीही हात काढले नाहीत.

वायरमन नोकरीवर गेलाच, कागदपत्रं झाली होती. रविवारी पहिल्या गाडीनं खेळायला येतो. सरदार मेले ते मेलेच, देवांनी घेतलेलं परत केलं नाही. भावोजी सध्या नवखे शिपाई आहेत, आणि पहिल्याच दिवशी खड्ड्यात पडले.

मित्रांनो, उपदेश करण्याइतकी माझी अक्कल नाही. दात पुष्कळ आहेत, तेही दुसऱ्याचे. तरी एक विनंती करते. एखादी वस्तू ठेवून देताना तिच्या पोटातला सेल आठवणीनं काढून ठेवा. विसरलात, तर आत काय फुटलंय ते उघडून बघायला चौदा महिने लावू नका. फार खोल खातं ते, आणि बाहेरून काहीच कळत नाही.