झाडांना विचारणारा राम

मी रामाचा मुकुट बोलतोय. आहे पुठ्ठ्याचाच, पण वरून सोनेरी बेगड आणि काचेचे मणी. वडशाच्या इनायतभाईंनी मला घडवलं. मोहरमच्या ताजियातली थोडी बेगड उरली होती, ती माझ्या वाट्याला आली.

हिवाळ्यात पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. आमच्या मंडळीत श्रीहरी राम व्हायचा. मी डोक्यावर चढलो की म्हातारेकोतारे त्याच्या पाया पडत, गाऱ्हाणी सांगत. मी उतरलो की तोच श्रीहरी बिडी मागत हिंडे. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. कुरखेड्याकडच्या एका गावात सीताहरणाचं नाटक होतं. "माझी सीता पाहिलीत का?" असं झाडांना विचारता विचारता श्रीहरी खरंच रडला. पुढेच मीराबाई बसली होती. तिचा नवरा वारलू दोन वर्षांपूर्वी बांबू तोडायला जंगलात गेला, तो परतलाच नाही. आता बांगड्या फोड, म्हणून घरचे तिच्या मागे लागले होते. रामाला विचारून काय ते ठरवीन, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

नाटक संपल्यावर गावकरी रामाची आरती करतात. ती झाली, तशी मीराबाई पुढे आली.

"देवा, माहा मानूस जित्ता हाय का नाई?"

श्रीहरीची पाचावर धारण बसली. पेटी वाजवणारे देवाजी मदतीला धावले. "बाई, देवाले सारं माहीत असते. झाडाले इचारनं, रडनं, ही त्याची लीला."

"मंग माह्यासंगबी लीलाच करून राह्यला का?"

श्रीहरी मला डोक्यावर तसाच ठेवून तिच्यासमोर खाली बसला. "मले नाई माहीत, बाई. सीता कुठी हाय, तेबी माहीत नव्हतं. म्हनून तं रडलो."

"खरंच नव्हतं?"

"नाई."

मीराबाई पदर तोंडात धरून हमसाहमशी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तं मीबी इचारत राहीन." बांगड्या हातात तशाच ठेवून ती घरी गेली.

"देवाले अडानी करून टाकलं तुनं," म्हणून देवाजी श्रीहरीवर किती दिवस रुसले होते!

आता श्रीहरी थकलाय, मीही सामानाच्या ट्रंकेत पडून असतो. हरीण खोटं हे देवाला कसं कळलं नाही, यावर मंडळीत अजून वाद होतात. देवाजींचंच खरं असेल. पुठ्ठ्याला काय कळतंय! माझी विनंती एवढीच, मीराबाईसारखं कुणी दारात आलं, तर सगळं जाणणारा देव जरा मागे ठेवा. आधी रडणारा दाखवा.