राखून ठेवलेले पान

काराकोल शहराबाहेर, सफरचंदाच्या बागेला लागून असलेल्या व्यसनमुक्तिगृहात दुपारच्या वाचनाचा एकच दंडक होता: कादंबरी मोठ्याने, आळीपाळीने वाचायची आणि कोणीही पुढचे चोरून पाहायचे नाही. सेयितबेकला हा दंडक जाचत होता. ट्रक हाकण्यात त्याचे आयुष्य गेले होते. अडलेल्या गाडीसारखी अडलेली गोष्टही त्याला सोसत नसे. त्यातून कथेतला मेंढपाळ हिमवादळात घोडा हरवून, खिशातल्या बाटलीवर हात ठेवून बसलेला. आणि पाळी नेमकी सेयितबेकची. दोनच ओळी वाचून त्याने पुस्तक मिटले आणि तो वाचन घेणाऱ्या झूराकडे वळला; थोरल्या बाईला तिथे एजे म्हणत, थोरल्या पुरुषाला आके.

"झूरा एजे, मी चाललो. भावाकडे मेजवानी आहे."

"मेजवानी की वोदका?" म्हाताऱ्या तोकोन आकेंनी विचारले.

"तुम्ही गप्प बसा, आके. तुमच्या तोंडात दात तरी उरलाय का?"

"प्यायला दात कशाला लागतात रे?"

झूरा एजे मात्र हसली नाही. फाटकाला कुलूप नव्हतेच. तिने टेबलावरची रोटी त्याच्यापुढे धरली. तिथली रीतच होती: दूर निघालेल्याने एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी तो परतून खाईपर्यंत भिंतीवर टांगायची. सेयितबेक सैन्यात गेला तेव्हा त्याच्या आईनेही तशीच टांगली होती. सवयीने त्याने घास तोडला.

"रोटी टांगते," एजे म्हणाली, "आणि हे पानही तुझ्यासाठी राखते. तू येईपर्यंत पुढे वाचन नाही."

"म्हणजे आम्ही सगळे बर्फातच?" आके कडाडले. "अरे गाढवा, तुझ्यापायी तो बिचारा गोठून मरेल!"

रस्त्यावर मिनीबस थांबली. सेयितबेकने पायरीवर पाय ठेवला. घास अजून गालातच होता, गिळवत नव्हता. मेंढपाळाने बूच काढले असेल का? भावाच्या घरी पहिला पेला हातात आल्यावर याचे उत्तर काय ठरणार, हे त्याला पुरते ठाऊक होते.

"चढतोस का वारा खातोस?" चालक खेकसला.

"जा तू!"

तो परतला तेव्हा कोणीही जागचे हलले नव्हते.

"पान संपले की जातो," तो गुरकावला.

"जा की," एजे म्हणाली.

त्याने ओळीवर बोट ठेवून वाचले. मेंढपाळाची बोटे बुचावर आली, आणि पान संपले.

"आके, धरा! वाचा लवकर!"

"रोटी काढू का खाली?" एजेने विचारले.

"राहू दे टांगलेली," पुढच्या पानावरची नजर न काढता तो म्हणाला. "मी अजून पुरता आलेलो नाही."